शेक आणि संडास : एका पातळ भिंतीची सव्वाशे वर्षं

जेवता जेवता ऐकत असाल तर हा भाग आत्ता थांबवा, ताट संपवा, हात धुवा, मग परत या. आज संडासबद्दल बोलायचंय. हसू येत असेल तर येऊ द्या. मलाही आधी यायचं.

सुरुवात घरातून करते. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, निवृत्त एसटी ड्रायव्हर. तीन वर्षांपूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि त्यांनी वीस दिवस शेक घेतले. गावाकडे रेडिएशनला अजून शेकच म्हणतात, कुठे कुठे 'लाईट' म्हणतात. रिपोर्ट छान आले, पेढे वाटले. आणि मग साधारण वर्षभराने आबांनी प्रवास बंद केला. चुलत बहिणीच्या लग्नाला आले नाहीत. पंढरपूरला जायचं ठरलेलं, ऐनवेळी गुडघ्याचं कारण सांगून घरी राहिले. ज्या माणसाने घाटातून लाल गाड्या चालवल्या, तो तालुक्याच्या गावापर्यंत यायला तयार नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढला : वय झालं.

वय नव्हतं झालं. त्यांना संडासला आली की थांबवता येत नव्हतं, आणि मधूनमधून रक्त पडत होतं. आजी पायजम्यावरचे डाग गुपचूप धूत होती. हे आठ महिने चाललं होतं. या आठ महिन्यांत ते तपासणीला जातच होते. तिथे रक्ताच्या चाचणीचा एक आकडा बघायचे, 'उत्तम' म्हणायचे, पुढची तारीख द्यायचे. पोटाचं कुणी विचारलं नाही. आबांनी सांगितलं नाही. त्यांना वाटत होतं कॅन्सर परत आलाय, आणि ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

कॅन्सर परत आला नव्हता. तो रेडिएशनचा परिणाम होता. मी कोड लिहून पोट भरते, डॉक्टर नाही, त्यामुळे यातलं काही औषधोपचार म्हणून घेऊ नका. पण हे असं का होतं, कधीपासून माहीत आहे, आणि माहीत असून आबांना कुणी का विचारलं नाही, हे शोधायला बसले, आणि थेट १८९७ पर्यंत मागे गेले.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. मराठी पुस्तकांत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात, प्रत्यक्षात कुणीच म्हणत नाही. तिच्या मधून लघवीची नळी जाते. आणि तिच्या बरोब्बर मागे गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा बारा-पंधरा सेंटिमीटरचा भाग. दोघांमध्ये अंतर काही मिलिमीटरचं. डॉक्टर हातमोजा घालून मागच्या बाजूने बोटाने प्रोस्टेट तपासतात ना, ते याच शेजारामुळे शक्य होतं. आणि किरण प्रोस्टेटवर सोडले की गुदाशयाच्या पुढच्या भिंतीलाही लागतात, तेही याच शेजारामुळे.

आता 'शेक' या शब्दाची गंमत. रेडिएशनचा डोस ग्रेमध्ये मोजतात. एक ग्रे म्हणजे एका किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. प्रोस्टेटसाठी बरीच वर्षं ७० ते ७८ ग्रे हा पूर्ण कोर्स असायचा. मी गणित केलं : ७८ ग्रे सगळे एकदम दिले आणि त्यांची पूर्ण उष्णता झाली असं धरलं, तरी पाण्याचं तापमान ०.०२ अंशानेही वाढणार नाही. चहाचा एक घोट याहून कितीतरी जास्त शेकतो. म्हणजे शेकण्याचा इथे संबंधच नाही. किरण पेशींमधला डीएनए तोडतात. ज्या पेशी भराभर विभागतात त्यांना ते आधी जाणवतं. कॅन्सरच्या पेशी तशाच, पण आतड्याचं अस्तरही तसंच. ते दर तीन ते पाच दिवसांनी नवं होत असतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पातळ शौच, आव पडल्यासारखी शेम, सारखं जावंसं वाटणं सुरू होतं. कोर्स संपल्यावर काही आठवड्यांत हे बहुतेकांचं निवळतं.

दुसरा प्रकार खोलवरचा. भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब होतात, भिंत ताठर होते, आणि वर नव्या, नाजूक, पटकन फुटणाऱ्या वाहिन्यांचं जाळं येतं. हे दिसायला सहा महिने लागतात, कधी दोन-तीन वर्षं. कोडमध्ये असा बग असतो बघा, आज टाकलेला आणि पुढच्या आर्थिक वर्षात फुटणारा. तोपर्यंत तो कशामुळे आला हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

तर १८९७. त्याआधी दोनच वर्षं, नोव्हेंबर १८९५ मध्ये, जर्मनीतल्या वुर्झबर्गला राँटगेनला क्ष-किरण सापडले होते. जगभर त्याची जत्रा झाली होती. लोक हौसेने हाताची हाडं बघायला रांगा लावत होते. कातडी भाजते, केस गळतात हे लवकरच कळलं. पण आत काय होतं? लंडनच्या डेव्हिड वॉल्श नावाच्या डॉक्टरांनी जुलै १८९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहिला. क्ष-किरणांच्या नळीजवळ रोज काम करणाऱ्या एका माणसाला पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. सुट्टीवर गेला, बरा झाला. कामावर परतला, परत सुरू. मग पोट आणि नळी यांच्यामध्ये शिशाचा पत्रा ठेवला, आणि त्रास थांबला.

हे वाचून मी खुर्चीतच टाळी वाजवली. इनपुट बंद, एरर बंद. इनपुट चालू, एरर चालू. मध्ये आडकाठी, एरर बंद. याहून स्वच्छ डीबगिंग काय असतं! म्हणजे किरणांनी आतडं दुखावतं हे पहिल्या दोन वर्षांतच कागदावर आलं होतं. पुढची सगळी वर्षं मग कशात गेली?

प्रोस्टेटपर्यंत पोचण्यात, आधी. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम शोधलं, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॅरिसमधले मूत्ररोगतज्ज्ञ लघवीच्या मार्गाने नळी घालून तिच्यातून रेडियम थेट प्रोस्टेटपाशी ठेवायला लागले. ते बघून अमेरिकेतल्या बाल्टिमोरला ह्यू हॅम्प्टन यंग यांनी हा प्रकार सुरू केला. यंग यांची एक सुरस गोष्ट आहे. 'डायमंड जिम' ब्रॅडी नावाचा खाण्याचा प्रचंड शौकीन, हिऱ्यांनी मढलेला उद्योगपती प्रोस्टेटच्या दुखण्यासाठी त्यांच्याकडे आला, बरा झाला, आणि खूश होऊन त्याने जॉन्स हॉपकिन्समध्ये अख्खी मूत्ररोगसंस्था उभी करायला पैसे दिले. ती त्याच्या नावाने आजही चालू आहे. असो. यंग यांनी १९१७ मध्ये आपली पद्धत छापली. रेडियम लघवीच्या मार्गातून, मूत्राशयातून आणि गुदाशयातून, असं वेगवेगळ्या बाजूंनी प्रोस्टेटजवळ न्यायचं. सगळा मारा एकाच भिंतीतून झाला तर ती भिंत जळेल, म्हणून मारा वाटून द्यायचा. न्यूयॉर्कला बॅरिंजर यांनी दुसरी वाट धरली : गुदाशयात बोट ठेवून अंदाज घ्यायचा आणि बाहेरून, मांड्यांमधल्या जागेतून, रेडियमच्या सुया प्रोस्टेटमध्ये टोचायच्या. स्क्रीन नाही, सोनोग्राफी नाही. गुदाशयातलं बोट हाच कॅमेरा.

आबा शेक घेत होते तेव्हा रोज विचारायचे, सगळं एकदम देऊन का टाकत नाहीत, रोज कशाला हेलपाटे? याचं उत्तर पॅरिसमधल्या मेंढ्यांकडे आहे. १९२० च्या दशकात क्लॉड रेगो यांनी मेंढ्यांच्या वृषणांवर किरण सोडून पाहिले. एकाच दणक्यात मेंढा नपुंसक करायला गेलं की वरची कातडी जळायची. तोच डोस थोडा थोडा, काही दिवसांत वाटून दिला की काम व्हायचं आणि कातडी वाचायची. निरोगी पेशींना दुरुस्तीला वेळ मिळतो. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हेच घशाच्या कॅन्सरच्या माणसांवर वापरलं. आजही जगातलं जवळजवळ प्रत्येक रेडिएशन सेंटर या मेंढ्यांचं देणं लागतं.

यानंतर प्रोस्टेटच्या गोष्टीत एक मोठा खंड पडतो. त्या काळच्या क्ष-किरण यंत्रांचे किरण कमी जोराचे. ओटीपोटात खोल असलेल्या प्रोस्टेटला पुरेसा डोस पोचायच्या आधीच वरची कातडी सोलून निघायची. बॉटलनेक कातडी होती, गुदाशयाची पाळीच यायची नाही. त्यात १९४१ मध्ये शिकागोला चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं की पुरुषी हार्मोन बंद केलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आक्रसतो. त्यांना पुढे १९६६ मध्ये नोबेल मिळालं. मग किरणांच्या फंदात कोण पडतंय?

खंड संपला तो यंत्रांमुळे. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्टची यंत्रं आली. १९५६ मध्ये स्टॅनफर्डला हेन्री कॅप्लन यांचा लिनियर ॲक्सिलरेटर सुरू झाला. हे किरण जोरकस. कातडीतून सहज आत जातात आणि आपला जोर आत गेल्यावर दाखवतात. स्टॅनफर्डच्याच माल्कम बॅगशॉ यांनी प्रोस्टेटचे रुग्ण घ्यायला सुरुवात केली आणि १९६५ मध्ये आपले निकाल छापले. ऑपरेशनशिवाय, फक्त बाहेरून किरण देऊन लोक वर्षानुवर्षं जगत होते. कातडीचा बॉटलनेक सुटला.

आणि एक बॉटलनेक सुटला की पुढचा दिसतो, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. पुढची होती ती पातळ भिंत.

तेव्हा प्रोस्टेट दिसायचीच नाही हे लक्षात घ्या. क्ष-किरणांच्या फिल्मवर हाडं दिसतात. मूत्राशयात आणि गुदाशयात फिल्मवर उमटणारा द्रव भरायचा, आणि या दोघांच्या मध्ये कुठेतरी प्रोस्टेट असणार असं मानून चार बाजूंनी चौकोनी झोत सोडायचे. प्रोस्टेट अक्रोडासारखी आणि डोस खोक्यासारखा. खोक्याच्या मागच्या कोपऱ्यात गुदाशयाचा बराचसा भाग आपोआप यायचा. हाउन्सफिल्डचा सीटी स्कॅन १९७१ मध्ये आला तो डोक्यासाठी. तो ओटीपोटापर्यंत, आणि तिथून डोसचं नियोजन करणाऱ्या कंप्युटरपर्यंत पोचायला आणखी दीडेक दशक गेलं.

याच सुमाराला एक नवीन आकडा आला आणि सगळ्यांची झोप उडाली. पीएसए. रक्तातलं एक प्रथिन. प्रोस्टेटच्या रुग्णांवर लक्ष ठेवायला अमेरिकेत या चाचणीला १९८६ मध्ये मान्यता मिळाली. ज्यांना डॉक्टर बरे झालेले धरून चालले होते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा पीएसए हळूहळू वर चढताना दिसायला लागला. कॅन्सर गेलाच नव्हता, दिसत नव्हता एवढंच. डोस कमी पडत होता. मग डोस वाढवा. पण वाढवला की मागची भिंत.

इथे ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन सेंटरचा प्रयोग आहे, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वात प्रामाणिक वाटतो. ३०१ पुरुष, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एकाला ७० ग्रे, दुसऱ्याला ७८. आठ वर्षांनी बघितलं : ७० च्या गटात ५९ टक्के लोकांचा आजार परतला नव्हता, ७८ च्या गटात ७८ टक्के. आठ ग्रेमध्ये एवढा फरक! पण त्याच कागदावर दुसरी ओळही आहे. गुदाशयाच्या मध्यम किंवा त्याहून जास्त तक्रारी ७० च्या गटात १३ टक्के, ७८ च्या गटात २६. बरोब्बर दुप्पट. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं. आणि त्यांनी हेही दाखवलं की गुदाशयाचा पाव भागाहून जास्त भाग ७० ग्रेच्या वर गेला की तक्रारी वाढतात. म्हणजे प्रश्न नुसता किती डोस हा नाही, किती भिंतीला किती डोस हा आहे.

त्या आधी लंडनच्या रॉयल मार्सडेन हॉस्पिटलने याचीच दुसरी बाजू तपासली होती. डोस तोच, फक्त झोताचा आकार बदलायचा. खोका नाही, प्रोस्टेटच्या आकाराला कापून बेतलेला झोत. २२५ पुरुष. १९९९ मध्ये निकाल लॅन्सेटमध्ये आला : मध्यम किंवा जास्त त्रास जुन्या खोक्यात १५ टक्के, बेतलेल्या झोतात ५. शिंप्याने माप घेतलं आणि तिपटीचा फरक पडला.

पुढचा भाग माझ्या आवडीचा. प्रोस्टेट मागच्या बाजूने गुदाशयाला जरा बिलगून वळलेली असते. सरळ झोतांनी असा आतल्या बाजूला वळलेला आकार रंगवता येत नाही. १९८० च्या दशकात स्टॉकहोमच्या अँडर्स ब्राह्मे यांनी प्रश्न उलटा केला. झोत ठरवून डोस काय येतो ते बघायचं नाही. आधी सांगायचं की इथे एवढा हवा, तिथे एवढ्याहून जास्त चालणार नाही, आणि मग गणिताने शोधायचं की कुठून किती सोडावं. सरळसरळ ऑप्टिमायझेशन! टंगस्टनच्या बारीक पट्ट्या मोटरवर सरकत झोताचा आकार क्षणाक्षणाला बदलतात, आणि कंप्युटर गुदाशयाला दंड आकारत आकारत उत्तराकडे जातो. यालाच आयएमआरटी म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगने दीड हजारांहून जास्त रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा आधीच्या पद्धतीतला १३ टक्के त्रास आयएमआरटीमध्ये ५ टक्क्यांवर आला होता, आणि तोही जास्त डोस देऊन.

आपल्या मुंबईतही या पातळ भिंतीच्या हद्दीवर एक महत्त्वाची परीक्षा झाली. टाटा मेमोरियलने २२४ पुरुषांमध्ये विचारलं की ज्यांचा आजार पसरण्याचा धोका जास्त आहे, त्यांच्या फक्त प्रोस्टेटवर किरण द्यायचे की ओटीपोटातल्या गाठींनाही धरून? जास्त जागा म्हणजे जास्त आतडं वाटेत. २०२१ चा निकाल : पाच वर्षांनी पीएसए न चढलेले लोक ८१ टक्के विरुद्ध ९५ टक्के, म्हणजे मोठी जागा धरण्याच्या बाजूने. लघवीच्या तक्रारी वाढल्या, पण आतड्याच्या बाबतीत दोन गटांत ठळक फरक पडला नाही. वीस वर्षांपूर्वीच्या खोक्याने हा प्रयोग करायची छाती झाली नसती.

आता गॅस. हो, तोच गॅस. २००५ मध्ये एमडी अँडरसनमधूनच एक निरीक्षण आलं. नियोजनाचा सीटी स्कॅन काढला त्या दिवशी ज्यांचं गुदाशय फुगलेलं होतं, त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण जास्त होतं. का? फुगलेल्या गुदाशयाने प्रोस्टेट पुढे ढकलली होती. नकाशा तिथला काढला. पुढच्या दिवसांत पोट रिकामं, प्रोस्टेट मागे सरकलेली, आणि झोत मात्र जुन्याच पत्त्यावर. स्टेजिंगवर पास, प्रॉडक्शनवर फेल. म्हणून आज रोजच्या सिटिंगच्या आधी स्कॅन करून प्रोस्टेट कुठे आहे ते बघतात, आणि 'पोट साफ करून या, लघवी भरून या' असं सांगतात. आबांना हा कागद मिळाला होता. त्यांना वाटायचं ही हॉस्पिटलवाल्यांची स्वच्छतेची आवड.

अचूकता आली म्हणून कोर्सही आखडला. ब्रिटनमधल्या ३,२१६ पुरुषांवरच्या चिप नावाच्या चाचणीने २०१६ मध्ये सांगितलं की ३७ सिटिंगमध्ये ७४ ग्रे देण्याऐवजी २० सिटिंगमध्ये ६० दिले तरी आजारावरचा परिणाम कमी पडत नाही. आबांचे वीस दिवस तिथून आले. आतड्याचा मध्यम किंवा जास्त त्रास पाच वर्षांत कधी ना कधी झालेले लोक मात्र सगळ्या गटांत मिळून ११ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान होतेच. शून्य कुठेच नाही. भिंत आणि प्रोस्टेट यांच्यात जेल टोचून सेंटिमीटरभर अंतर निर्माण करायची युक्तीही आहे. अमेरिकेत तिला २०१५ मध्ये मान्यता मिळाली, जेल काही महिन्यांत आपोआप विरघळतं. खर्चिक आहे. प्रोटॉनची जाहिरात तुम्ही बघितली असेल. खारघरला टाटाचं केंद्र २०२३ पासून चालू आहे, आणि लहान मुलांच्या ट्यूमरसाठी ते मोलाचं आहे. पण प्रोस्टेटच्या बाबतीत अमेरिकेतल्या चारशेहून जास्त पुरुषांच्या तुलनेत आयएमआरटीपेक्षा आतड्याला जास्त आराम मिळाल्याचं दिसलं नाही. २०२४ ची गोष्ट.

हे सगळं यंत्रांचं झालं. पण माझा मूळ प्रश्न वेगळा होता. हे टक्के कुणी मोजले?

बराच काळ डॉक्टरांनीच मोजले. रुग्ण समोर बसतो, डॉक्टर दोन प्रश्न विचारतात, फॉर्मवर शून्य ते पाचपैकी आकडा टाकतात. रक्त किती, भोक पडलं का, ऑपरेशन लागलं का. जे डॉक्टरला करावं लागतं ते मोठ्या आकड्यात येतं. लग्नाला जाता येत नाही, याला त्या मोजपट्टीवर खूणच नव्हती. मिशिगनच्या लोकांनी २००० मध्ये 'एपिक' नावाची प्रश्नावली आणली. ती रुग्ण स्वतः भरतो. घाई किती वेळा झाली, कपडे खराब झाले का, आणि यातलं तुम्हाला किती सतावतं. २००८ मध्ये याच प्रकारच्या प्रश्नांवर बाराशे पुरुषांचा अभ्यास आला, आणि त्यात सहाशेहून जास्त बायकांना, जोडीदारांनाही विचारलं होतं. किरणोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक वर्षभरानंतरही आतड्याच्या त्रासाने हैराण होते. पायजमे धुणाऱ्या माणसाला विचारायला सव्वाशेपैकी एकशे दहा वर्षं गेली, हे वाचताना मला आजी आठवली.

आणि हे विचारणं ही चैन नाही. ब्रिटनच्या प्रोटेक्ट या मोठ्या चाचणीत लवकर सापडलेल्या आजाराचे १,६४३ पुरुष होते. नुसतं लक्ष ठेवा, ऑपरेशन करा किंवा किरण द्या, दहा वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरने न मेलेले लोक तिन्ही गटांत ९९ टक्क्यांच्या आसपास. जगणं जवळपास सारखंच असेल, तर निवड कशावर करायची? कसं जगायचं यावरच ना! किरणांच्या गटात पहिल्या सहा महिन्यांत आतड्याचा त्रास जास्त होता, मग बराचसा निवळला, पण शौचातलं रक्त पुढेही इतरांपेक्षा जास्त दिसत राहिलं.

रक्ताबद्दल दोन गोष्टी, कारण इथे खरंच गफलत होते. एक, किरण घेतलेत म्हणून रक्त किरणांचंच असं धरून चालायचं नाही. मूळव्याध असेल, आतड्याचा वेगळा कॅन्सरही असू शकतो. दुर्बिणीने बघावंच लागतं. दोन, बघणाऱ्या डॉक्टरला प्रोस्टेटवर किरण घेतल्याचं आधी सांगायचं. गुदाशयाच्या त्या पुढच्या, भाजल्यासारख्या दिसणाऱ्या भिंतीचा तुकडा तपासायला काढला तर ती जखम भरता भरत नाही, कधी आरपार भोक पडतं.

उपायांच्या इतिहासात एक पान आपलं आहे. चंदिगडच्या पीजीआयमध्ये राकेश कोछड यांच्या गटाने १९९१ मध्ये सुक्राल्फेट हे जठराच्या अल्सरचं साधं, स्वस्त औषध एनिमातून देऊन पाहिलं. समोर नेहमीची स्टेरॉइडची पद्धत, रुग्ण ३७. सुक्राल्फेट सरस ठरलं. आपल्याकडे हा त्रास तेव्हा मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी किरण घेतलेल्या बायकांमध्ये दिसायचा. तिथे शिकलेलं पुढे जगभर पुरुषांच्याही कामी आलं. रक्त थांबेना तर फॉर्मॅलिनचा बोळा लावतात, तेच ते कॉलेजच्या लॅबमध्ये बरणीत बेडूक ठेवायचं, किंवा आर्गॉन वायूच्या झोताने वाहिन्या बंद करतात.

पण सगळ्यात उपयोगी काम मला लंडनच्या जर्व्हिस अँड्रेयेव्ह यांचं वाटतं. हे पोटविकारतज्ज्ञ. त्यांचं म्हणणं, 'किरणांचा परिणाम आहे, सहन करा' हे निदान नाही. एकाच माणसाला पित्ताम्ल नीट शोषलं न गेल्याने जुलाब असू शकतात, लहान आतड्यात जिवाणू माजलेले असू शकतात, दूध पचत नसेल, आणि यातल्या प्रत्येकावर वेगळा, बऱ्याचदा साधा उपाय आहे. त्यांनी लक्षणांवरून पुढे जायचा एक फ्लोचार्ट केला. ही तपासणी, हो असेल तर इकडे, नाही तर तिकडे. ओटीपोटावर किरण घेतलेल्या २१८ रुग्णांवर तो तपासला आणि २०१३ मध्ये लॅन्सेटमध्ये छापला. फ्लोचार्ट वापरलेले रुग्ण नुसतं माहितीपत्रक दिलेल्यांपेक्षा बरे झाले, आणि तो प्रशिक्षित नर्सने वापरला तरी तज्ज्ञ डॉक्टरइतकाच गुण आला. इफ-एल्सने माणसं परत घराबाहेर पडली. मी एवढी वर्षं इफ-एल्स लिहितेय, माझ्याने फक्त डिस्काउंट कूपन चालतात.

पुढे ब्रिटनमध्येच याची आणखी छोटी आवृत्ती निघाली, तपासणीच्या टेबलावर विचारायला. तीनच प्रश्न. शौचावर ताबा ठेवणं अवघड जातं का, रात्री उठावं लागतं का, कपडे खराब होतात का. अलीकडे रक्त दिसलं का. आणि पोटाच्या त्रासामुळे तुमचं बाहेर जाणं, माणसांत मिसळणं, मनःस्थिती यांवर काही परिणाम झालाय का.

मी हे तीन प्रश्न मराठीत लिहून आबांना दाखवले, संध्याकाळी ओट्यावर. पहिले दोन वाचून त्यांनी मान हलवली. तिसऱ्यापाशी थांबले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "हे कुणी आधी विचारलं असतं, तर पंढरपूरचं खोटं बोललो नसतो."

आता त्यांचं रक्त थांबलंय. घाई होते अजून, पूर्वीपेक्षा कमी. इसबगोल चालू आहे, दूध बंद केलंय. मागच्या महिन्यात आमच्याकडे पुण्याला आले, एसटीनेच. ड्रायव्हरच्या मागची सीट धरली आणि चढल्या चढल्या त्याला विचारून ठेवलं, गाडी कुठे कुठे थांबते.